पाठमोऱ्या माणसांचे संवाद

बोरीवलीतल्या आमच्या इमारतीच्या गणेशोत्सव समितीने माझ्या वडिलांकडून दोन स्पीकर मागून नेले आणि त्यांतला एक जाळून परत केला. बातमी एवढीच आहे. वर्तमानपत्रात कोणती बातमी घ्यायची आणि कोणती टाकायची हे ठरवण्याची मी तेव्हा नोकरी करत होतो, आणि ही माझ्या टेबलावर आली असती तर मी दुसरी ओळ न वाचता टाकली असती. तरी ती आज लिहितो आहे, कारण तिचा राग अजून उतरलेला नाही.

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. एका छपराखाली शेकडो माग चालू असताना शेजारच्याने कानाशी येऊन ओरडले तरी ऐकू येत नाही. तिथे माणसे एकमेकांचे ओठ वाचतात. वडीलही वाचायला शिकले, आणि पुढे त्यांच्याकडे तेवढेच उरले. त्यांचे कान पूर्ण गेले नव्हते. आवाज पोचायचा, शब्द पोचायचा नाही. दार वाजलेले कळायचे, दाराबाहेरचा काय म्हणतो ते कळायचे नाही. माणूस समोर तोंड करून बोलला तर बरेचसे समजायचे. त्याने पाठ फिरवली की संपले. गिरणीने याबद्दल त्यांना काही दिले नाही. साचेखात्यात कान जातात हे इतके गृहीत होते की त्याला कोणी नुकसान म्हटलेच नाही. वडिलांनीही नाही.

त्यांना सिनेमाचे वेड होते. गिरणगावातल्या एका जुन्या थिएटरात ते कायम पहिल्या रांगेत बसत. आम्हाला वाटायचे, तिकीट स्वस्त म्हणून. खरे कारण पडद्यामागे होते. तिथे जुन्या घडणीचे भोंग्याचे स्पीकर होते: धातूचा रुंद कर्णा आणि त्याच्या मागे नारळाएवढे जड युनिट. अशा स्पीकरला वीज थोडी लागते आणि आवाज लांब जातो. शिवाय बोलण्यातले स, ट, च हे अणकुचीदार आवाज त्यातून न बोथटता बाहेर पडतात. वडिलांच्या कानांतून नेमके तेच गेले होते.

सिनेमात माणसे सारखी पाठ फिरवत असतात. भांडण झाले की एक जण हमखास खिडकीशी जातो आणि मुख्य गोष्ट तिथूनच सांगतो. ओठ वाचणाऱ्याला तो सिनेमा तिथे संपतो. त्या थिएटरात पहिल्या रांगेत मात्र वडिलांना पाठमोऱ्या माणसाचे बोलणेही ऐकू यायचे. घरी त्यांना आईचे बोलणे ऐकू यायचे नाही, कारण ती ओट्याकडे तोंड करून बोलायची.

गिरण्यांच्या संपानंतर आईवडील लालबागच्या चाळीतली खोली सोडून माझ्याकडे आले. माझा धाकटा भाऊही आमच्याबरोबरच राहायचा. त्याचे कांदिवलीला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. वडील दिवसभर गॅलरीत बसत. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागला की समोर येऊन बसत आणि मध्येच उठून जात. टीव्हीचा स्पीकर वाटीएवढा. त्यातून त्यांना फक्त गुणगुण ऐकू यायची.

एक दिवस भावाला दुकानात कळले की गिरणगावातले ते थिएटर सगळी ध्वनियंत्रणा बदलते आहे आणि जुनी भंगारात चालली आहे. त्याने कोणालाही न विचारता टेम्पो केला. दोन भोंगे, त्यांची युनिटे, जाड आवाजासाठी लागणारी कपाटाएवढी लाकडी पेटी आणि काचेच्या व्हॉल्व्हांचा एक अँप्लिफायर त्याने आमच्या बाहेरच्या खोलीत आणून टाकला.

आई दारात उभी राहून बघत होती. "ह्ये खंय ठेवतलास? माझ्या डोक्यार?"

"शोकेस काढूया गं."

"शोकेस काढ. मग माका काढ. गिरणीचो भोंगो सुटलो म्हटला, तर हो घरात इलो."

शोकेस गेली. पुढचे काही महिने रविवारची सुट्टी त्या खोलीतच जायची. पेटी भिंतीला लागली, तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांवर भोंगे चढले, मध्ये टीव्ही आला. शनिवारी व्हिडिओ भाड्याने आणायचा, त्याचा आवाज टीव्हीत न सोडता अँप्लिफायरमधून काढायचा, असा बेत होता. पहिल्यांदा लावला तेव्हा वडिलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"गोंगाट आसा नुसतो. शब्द खंय आसत?"

चूक भिंतींची होती. उघड्या भिंतींवर आवाज आपटून एकावर एक चढत होता. भावाने मागच्या भिंतीवर आईच्या सगळ्या गोधड्या खिळे ठोकून टांगल्या. लोक विचारतील तर काय सांगू, असे आईने विचारले. वाळत घातल्यात सांग, असे तो म्हणाला. शिवाय त्याने एक लहान लाकडी डबा बनवला. भोंग्याच्या युनिटात जाड आवाज गेला की आतली नाजूक कॉइल जळते. हा डबा जाड आवाज गाळून पेटीकडे वळवायचा आणि बारीक तेवढा भोंग्यात सोडायचा. त्या डब्याशिवाय भोंगा लावायचा नाही, हा घरातला नियम झाला.

गोधड्या लागल्यानंतरच्या शनिवारी पडद्यावर एक म्हातारा अंगणात पाठमोरा उभा राहून काही बोलला. वडील आमच्याकडे वळले.

"काय म्हणालो, आयकलंस? घर इकलंय म्हणता."

तो तेच म्हणाला होता. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली आणि कोपऱ्यात बसली. त्या दिवसापासून गोधड्यांबद्दल ती काही बोलली नाही.

वर्षभर हे चालले. वडील शनिवारी दुपारीच खुर्ची आपल्या जागी लावून बसत. रविवारी खाली बाकावर बसणाऱ्यांना ते सिनेमाची गोष्ट सांगत, तीही संवादांसकट. लोक कंटाळत. तरी ते सांगत राहत.

याच काळात सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर आले होते. बँकेत नोकरीला असलेला, माझ्याच वयाचा माणूस. चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्या त्या भोंग्यांचा जरा त्रास होतो. लोक माझ्याकडे येतात ना." कोण लोक, हे मी विचारले. त्यांनी सांगितले नाही. आम्ही खिडक्या बंद करून सिनेमा बघू लागलो.

गणपतीच्या आधी तेच सेक्रेटरी समितीच्या दोघांना घेऊन आले. मंडपात यंदा कार्यक्रम मोठे होते.

"काका, तुमचे स्पीकर झकास आहेत. सगळ्या बिल्डिंगला माहितीय. देवाच्या कामाला द्या ना."

मी नाही म्हणालो. हे स्पीकर मैदानासाठी नाहीत, बिघडले तर दुरुस्त होत नाहीत, हेही सांगितले. सेक्रेटरी माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघत होते. वडील त्यांचे ओठ बघत होते.

"न्या," वडील म्हणाले. "देवाचा काम आसा."

ते न्या का म्हणाले, हे मला तेव्हाही कळले होते. चाळीत त्यांनी अनेक वर्षे मंडळाचे काम केले होते. बोरीवलीला आल्यापासून कोणी त्यांच्याकडे काही मागितले नव्हते. ऐकू न येणाऱ्या माणसाला लोक मागत नाहीत, त्याला बाजूला बसवतात. हे सगळे कळत होते आणि तरीही मला वडिलांचा राग आला. समितीचा त्याहून अधिक, कारण कोणाच्या तोंडून हो येईल हे तिने बरोबर हेरले होते.

भावाने एकच अट घातली: डबा लावूनच वाजवायचे.

"हो रे बाबा. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" सेक्रेटरी म्हणाले.

नाचाच्या स्पर्धेच्या संध्याकाळी मंडपाच्या डेकोरेटरने डबा काढून टाकला. त्याच्यामुळे आवाज दबतो, असे त्याचे म्हणणे. भोंगे त्याने थेट आपल्या मोठ्या अँप्लिफायरला जोडले. समितीचे लोक शेजारी उभे होते, त्यांनी काढू दिला. हे आम्हाला नंतर मंडपात हजर असलेल्या शेजाऱ्यांकडून कळले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी दोन्ही भोंगे आणि डबा जिन्याजवळ ठेवून, बेल वाजवून निघून गेले. भोंग्यांवर गुलाल होता. डबा जसाच्या तसा होता.

भावाने युनिटे उघडली. एकाची कॉइल काळी पडली होती आणि पातळ पडदा चिरला होता. दुसरे चालू होते. जळलेल्याचा पडदा त्याने लॅमिंग्टन रोडला दुकानादुकानांत विचारला. ते युनिट आता बनत नव्हते.

मी वडिलांना घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. ते मंडपाच्या खुर्च्या एकात एक घालत होते आणि आमच्याकडे पाठ करून घालत राहिले.

"अहो, जुनंच होतं ते. भंगारातलं. कधी ना कधी जाणारच होतं."

"तुम्ही नेलं तेव्हा चालू होतं," मी म्हणालो.

"देवाच्या कामात गेलं. मनाला लावून घेऊ नका."

वडिलांनी माझ्या दंडाला धरले. "काय म्हणता?"

"जरा तोंड इकडे करून बोला," मी सेक्रेटरींना म्हणालो.

"काकांना कुठे ऐकू येतंय? तुम्ही सांगा ना त्यांना घरी गेल्यावर."

मी तिथेच सांगितले, शब्द न बदलता. परत येताना जिन्यात मी त्या माणसाला शिव्या दिल्या. वडील पुढे चालत होते. त्यांना त्या ऐकू गेल्या नाहीत.

भावाने उरलेला भोंगा मध्यभागी, टीव्हीच्या वर लावला. व्हिडिओचा आवाज एकेरी, म्हणजे दोन्ही भोंग्यांतून एकच येत असल्याने एकावर काम भागेल असे त्याला वाटले होते. तसे ते भागले नाही. एकातून तेवढा आवाज काढायचा तर तो चिरकायचा, आणि चिरकला की शब्द तुटायचे. वडिलांनी खुर्ची पुढे घेतली, मग आणखी पुढे. समोरासमोरची बोलणी कळायची. पाठमोऱ्यांची कधी कळायची, कधी नाही. काही दिवसांनी सेक्रेटरींनी आईला जिन्यात गाठून सांगितले की आवाजाची तक्रार पुन्हा आली आहे. ही तक्रार उरलेल्या एका भोंग्याबद्दल होती.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी बेल वाजली. दार वडिलांनी उघडले. बाहेर सेक्रेटरी आणि मागे समितीचे दोघे. मी वडिलांच्या मागे उभा होतो आणि काय बोलायचे ते मी वर्षभर ठरवून ठेवले होते. त्याची गरज पडली नाही.

"काका, यंदा पण स्पीकर लागेल. एक चालू आहे ना?" सेक्रेटरी अगदी समोर उभे राहून, सावकाश बोलले. हे वडिलांना कळले नसेल असे शक्यच नव्हते.

"ऐकाक येणा नाय," वडील म्हणाले. "मोठ्यान बोल."

"स्पीकर हवाय."

"मोठ्यान."

"स्पीकर हवाय, काका. मंडपात."

वरच्या मजल्यावर एक दार उघडल्याचा आवाज झाला.

"गेल्या वर्षीच्याचा काय झाला?"

"तो जळला."

"काय?"

"जळला."

"कसो जळलो?"

सेक्रेटरींनी मागे बघितले. मागचे दोघे जिन्याच्या कठड्याकडे बघत होते.

"डेकोरेटरने डबा काढला म्हणून."

"मोठ्यान बोल रे. म्हातारो माणूस मी."

"डेकोरेटरने डबा काढला म्हणून जळला." हे ते ओरडून बोलले. जिना पोकळ असल्याने ते खालपर्यंत गेले.

"आणि तुम्ही काय करी होतात?"

वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "मग भरून द्या की हो त्यांना. वर परत मागायला कसले येता?"

"बरोबर," वडील त्यांच्याकडे न बघता म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतले. बाई वरून बोलल्या होत्या, त्यांचे तोंड वडिलांना दिसत नव्हते. त्यांनी काय म्हटले ते वडिलांना कळणे शक्य नव्हते. समितीच्या तोंडावर त्यांना ते दिसले असावे.

आईने चहा टाकला. भाऊ दुकानातून आल्यावर त्याला मी सगळे सांगितले. तो हसला, आई हसली, वडीलही थोडे हसले. मला हसू आले नाही. दुसरा भोंगा घरात राहिला, पण पहिला परत येणार नव्हता, आणि तो मेल्याचे वर्षभराने जिन्यात ओरडून कबूल करून घ्यावे लागले होते.

त्याच संध्याकाळी खाली टेम्पो आला आणि समितीने भाड्याचे स्पीकर उतरवून घेतले. मी गॅलरीतून बघत होतो. म्हणजे ते भाड्याने मिळत होते. आदल्या वर्षीही मिळत असणार.

त्यांतला एक त्यांनी आमच्या खिडकीच्या दिशेने बांधला. मुद्दाम की सोयीने, हे मी सांगू शकत नाही, कारण त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. शनिवारी आम्ही खिडक्या लावून सिनेमा सुरू केला. खालच्या गाण्यांपुढे आमचा एक भोंगा टिकेना. वडील खुर्ची पुढे घेत पडद्यापासून हातभर अंतरावर आले. पडद्यावर एक बाई पाठ फिरवून काहीतरी सांगत होती आणि तिच्या समोरचा माणूस रडत होता.

"काय म्हणाली?" वडिलांनी विचारले.

मलाही ऐकू आले नव्हते. भावाने उठून व्हिडिओ बंद केला. उत्सव संपेपर्यंत आमच्या घरी पुन्हा सिनेमा लागला नाही.