आंदणातला चोवीस तव्यांचा कुळव

तलासच्या खोऱ्यात पांढरा घेवडा पेरणाऱ्या गावांत उलकान एजे माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. एजे म्हणजे थोरली बहीण. साठी उलटून गेली तरी तिला आजी म्हणायची कुणाची छाती झालेली नाही. सामुदायिक शेत मोडलं त्या वर्षी जो तो आपल्या वाट्याचं काहीतरी उचलत होता. कुणी मेंढ्या उचलल्या, कुणी गाई, एकाने तर गोठ्याचे पत्रेसुद्धा सोडले नाहीत. उलकानने निळा ट्रॅक्टर मागितला. "ट्रॅक्टर दूध देतो का गं?" म्हणून बायका खिदळल्या. पुढे मेंढ्या खाऊन संपल्या, आणि बर्फ वितळलं की त्याच बायका तिच्या दारात येऊन म्हणायला लागल्या, "एजे, आधी आमचं रान घे."

तिचा हिशेब साधा होता. इंजिनात घोडे किती, माती कशी, मग मागच्या कुळवाला माती फोडणारे लोखंडी तवे किती. लोक आधी कुळव विकत घेतात आणि मग ट्रॅक्टरला दोष देतात, यावर तिचा फार राग. "पाटीवर ऐंशी घोडे लिहिलेत," ती सांगायची, "पण त्या पाटीवर विश्वास ठेवायचा तर माझ्या लग्नातल्या फोटोवरही ठेवा. खरे पासष्ट उरलेत. आपल्या चिकट मातीत एका तव्याला पाच घोडे लागतात. तेरा तवे येतात. पण ते कुळवाच्या चारी दांड्यांवर सारखे बसायला हवेत, म्हणून बारा. जास्त शहाणपणा कराल तर क्लच जाळाल." वाद घालायला कुणी थांबत नसे, आणि थांबलाच तर तिला मनापासून आनंद व्हायचा.

अशा बाईच्या घरी आंदणात चोवीस तव्यांचा कुळव आला.

तिच्या मुलाचं, मेदेरचं, लग्न गेल्या शरदात झालं. सून गुलकायर चुई खोऱ्यातली. तिचा बाप शैशेनबेक मोठा शेतकरी. त्याच्याकडे दीडशे घोड्यांचा ट्रॅक्टर आणि नजर पोहोचणार नाही अशी गव्हाची जमीन. गाद्या, गालिचे, भांडी यांच्यामागून एका ट्रकवर लाल फिती बांधलेला तो कुळव डुलत आला तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. वाईट हेतू कणभर नव्हता. मुलीला उत्तम द्यायचं एवढंच त्या बापाला कळत होतं. पण मुलाकडच्यांना "तुमचा ट्रॅक्टर किती घोड्यांचा?" असं विचारायचं म्हणजे "तुमची मेंढरं किती?" असं विचारण्यासारखं, आणि चांगल्या घरचा माणूस ते विचारत नाही. त्याने नाही विचारलं. स्वतःच्या ट्रॅक्टरला जो शोभतो तोच घेऊन टाकला.

हिवाळाभर कुळव अंगणात बर्फाखाली बसून राहिला. शेजारची शाकेन कुंपणावरून रोज डोकावायची.

"काय एजे, एवढा मोठा पाहुणा! घरात कधी घेणार?"

"तुझ्या जिभेला जुंपते आधी. ती ओढेल."

असं उत्तर देताना ती हसायची, पण पेच खरा होता. कुळव आहे तसा जोडला तर ट्रॅक्टर मरणार, आणि ट्रॅक्टर मेला की घरची चूल विझणार आणि निम्म्या गावाची पेरणीही अडणार. तवे काढावेत तर ते आंदण. सुनेच्या माहेरचं आंदण सासरच्यांनी कमी केलं म्हणजे सुनेलाच कमी लेखलं, असा त्या मुलुखातला अर्थ. बारा तवे काढले की चुईपर्यंत बातमी जाणार: त्या घराने शैशेनबेकची मुलगी निम्म्याने मोजली. गुलकायरलाही हे कळत होतं. ती अंगणातून जाताना त्या कुळवाकडे बघायची नाही, आणि उलकानला ते बघवत नसे. पोर गुणाची होती. उलकानचा तिच्यावर जीव जडला होता.

मेदेरने एक तोड काढली. "आई, दांड्यांचा कोन सरळ करू या. तवे नुसते मातीवरून फिरतील. जोर लागणार नाही आणि सगळे चोवीस दिसतीलही."

"मातीला गुदगुल्या करायच्या?" उलकान कडाडली. "लोक मला रानं विश्वासाने देतात. घेवडा वर आला नाही की काय सांगू, व्याह्यांचा मान उगवलाय म्हणून?"

एप्रिलमध्ये निरोप आला की शैशेनबेक लेकीला भेटायला येतोय आणि आपला कुळव रानात चालताना बघणार आहे. मेदेरचा चेहरा पडला. उलकान मात्र खुशीत आली. "बरं झालं. सोनारानेच कान टोचलेले बरे," ती म्हणाली आणि मेंढी कापायला सांगितली.

शैशेनबेक आला. दार भरून टाकणारा माणूस, आवाज त्याहून मोठा. चहा झाला, बोरसोक म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे झाले, मग रीतीप्रमाणे शिजलेलं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. त्याने सुरी घेतली, कान कापून पोरांना दिला, डोळा शेजारी बसलेल्याला दिला, आणि ताट पुढे सरकवलं. जेवण झाल्यावर सगळे रानाकडे निघाले. निम्मं गाव मागे होतं आणि सगळ्यांत पुढे शाकेन.

"विहीणबाई, चालवा की!" तो म्हणाला.

"छे! तुमचा कुळव, पहिला मान तुमचा. बसा, व्याहीबुवा."

तो खुशीने चढून बसला. तवे मातीत उतरले आणि ट्रॅक्टर कण्हला. मागची चाकं जागच्या जागी खड्डा खणू लागली. त्याने गिअर बदलला. पुन्हा तेच, आणि जळक्या क्लचचा वास सुटला. आयुष्यभर ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला काय झालं ते सांगावं लागत नाही. तो खाली उतरला तेव्हा त्याचे कानसुद्धा लाल झाले होते.

"अजून ओल आहे रानात," तो म्हणाला.

"ओल नाही. ट्रॅक्टरमध्ये पासष्ट घोडे आहेत, आणि तवे चोवीस."

शैशेनबेकने चारचौघांकडे बघितलं आणि त्याचा तोल गेला. "झेपत नसेल तर परत नेतो! माझ्या लेकीच्या घराला माझं देणं जड झालं म्हणायचं!"

गुलकायर पांढरीफटक पडली. परत गेलेलं आंदण म्हणजे मोडलेलं लग्नच जणू. मेदेर आईकडे बघायला लागला. उलकान जागची हलली नाही.

"परत? दिलेलं परत नेतात का तुमच्या चुईत? आत्ता घरी तुमच्यापुढे डोकं ठेवलं. तुम्ही त्याचा कान कापलात, डोळा काढलात, वाटून टाकलंत. तुमचा मान कमी झाला?"

"ती रीत आहे."

"मग हीपण रीतच समजा. मानाचं ताट यजमान कापत नाही. मानकरी कापतो. माझ्या हाताने तुमचा एक तवा निघणार नाही, व्याहीबुवा, ट्रॅक्टर गंजला तरी नाही. पण तुमच्या हाताने निघाला तर कोण काय बोलेल?" आणि तिने एप्रनच्या खिशातून मोठा पाना काढून त्याच्यापुढे धरला.

त्याने पाना हातात घेतला. मग एकदा लेकीकडे बघितलं. त्याने कोट काढून जावयाच्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या.

"सोळा ठेवू या," मातीत गुडघे टेकत तो म्हणाला.

"बारा."

"चौदा तरी?"

"चौदा चार दांड्यांवर कसे वाटाल? एक बाजू जास्त ओढणार. खेकड्यासारखा तिरका चालेल. बारा."

"चुईत माझ्याशी असं कुणी बोलत नाही."

"म्हणूनच चोवीस आले."

लोक हसले. शाकेनसुद्धा हसली, आणि पळत जाऊन ग्रीसचा डबा घेऊन आली. शैशेनबेकने स्वतःच्या हाताने कडेचे तवे उतरवले आणि दोघांनी मिळून त्यांच्या जागी लोखंडी नळ्या भरल्या. चौकटीचं सगळं वजन आता बारा तव्यांवर येणार आणि ते खोल रुतणार, म्हणून उलकानने दांड्यांचा कोन एका भोकाने कमी केला. शैशेनबेकने ते बघितलं आणि मान हलवली. काढलेले तवे तिने गुलकायरच्या स्वाधीन केले. "हे तुझेच. ग्रीस लावून फळ्यांवर ठेव. मेदेर मोठा ट्रॅक्टर घेईल तेव्हा पुन्हा चढवू."

मग तो परत ट्रॅक्टरवर बसला. या वेळी इंजिन गुरगुरलं आणि चालू लागलं. मागे ढेकळं फुटून काळी, भुसभुशीत माती पडत गेली. रानाच्या टोकाला जाऊन तो वळून आला, खाली उतरला, मूठभर माती हातात चुरून बघितली.

"मी विचारायला हवं होतं, विहीणबाई," तो हळू म्हणाला. "किती घोड्यांचा आहे म्हणून. लाज वाटली."

"बरं झालं नाही विचारलंत," उलकान म्हणाली. "विचारलं असतंत तर मी शंभर सांगितले असते."

पहिली हसली ती गुलकायर. नव्या सुनेने वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर हात घेऊन हसायचं असतं. तिने हात घेतला नाही, आणि तिला कुणी अडवलंही नाही.