नाचरी घोडी लांबच्या वाटेवर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर वळणं. दोर एकट्यानं वळता येत नाही. एका टोकाला आमची घरची बसली आणि दुसरं टोक धरून मी अंगणात उलटा मागं मागं सरकत गेलो. उन्हं कलली होती. यंदाच्या दौडीला पोरापोरींना घोडा धरायला दोर पाहिजे होते. बाजारातला नायलॉनचा दोर हात कापतो, म्हणून ती जुन्या लुगड्यांचेच दोर करायची.

"पीळ द्या की नीट. हातात जीव हाय का न्हाई?"

"देतोय की."

"देतोय म्हणं. असल्या दोरानं शेळी थांबायची न्हाई."

मी म्हणालो, "तुझ्या जिभंला जेवढा पीळ हाय तेवढा दोराला कुठून आणू?" ती हसली. दोर झाला, चहा झाला, भाकरी झाली. पहाटे मी उठलो, ती उठली नाही.

याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. माझी शाळा दुसरीतच सुटली. जे लिहिता येतं ते लिहितो.

आमच्या अंगणात दर हिवाळ्याला पोरं-पोरी शिकायला येतात. लांबची दौड म्हणजे एकाच घोड्यावर दिवसभराची वाट. मधे थांबे असतात, प्रत्येक थांब्यावर ढोरांचा डॉक्टर घोडा तपासतो. धापा टाकणारा, लंगडणारा घोडा तिथंच बाद. कोण पहिला आला याला किंमत कमी, घोडा धडधाकट आणला का याला जास्त. स्वाराला मी तयार करायचो. थांब्यावर पाणी, चंदीचा दाणा, फडकी घेऊन उभी राहणारी मंडळी असतात, त्यांना आम्ही पाणीवाले म्हणतो. त्यांना ती तयार करायची. लोक विचारतात, आबा, हे तुम्ही कुठं शिकलात? दुष्काळात शिकलो. आणि ते शिकताना आम्ही जेवढं हसलो तेवढं सुकाळात कधी हसलो नाही.

माझी घोडी वरातीची होती. पांढरी, कानाशी जरा करडी. नवरदेव पाठीवर, मी पुढं लगाम धरून, आणि माझा दोस्त ताशा वाजवणारा. ताशा कडकडला की घोडी पुढचे पाय उचलून अशी नाचायची की बाया वरमाय सोडून तिच्याकडं बघत राहायच्या. बीडपासून परळीपर्यंत आमची तिघांची जोडी ठाऊक होती. जोडी तिघांची कशी, असं मास्तर विचारील. विचारू दे.

मग दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले. लोक खडी फोडायला जाऊ लागले, आमची घरचीपण जात होती. संध्याकाळी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या गिळायला पाणी जास्त लागायचं आणि पाणीच नव्हतं. लग्नं झाली ती हार घालून झाली. वरात कुणी काढीना. घोडीला कडबा कुठून आणायचा? गावातल्या लोकांनी बैल बाजारात नेले. मला म्हणाले, घोडी काढ, हाडं दिसायला लागल्यावर कुणी घेणार नाही. मी दोनदा दावं सोडलं आणि दोनदा परत बांधलं.

तेवढ्यात दूध सोसायटीच्या चेअरमननं दवंडी दिली. डोंगरावरच्या वाड्यांतून दुधाचे कॅन खाली आणायला जीप चढत नव्हती, म्हणून सोसायटीला घोडे पाहिजे होते. जो घोडा निवडला जाईल त्याला काम, आणि पाऊस पडेपर्यंत सोसायटीच्या डेपोतून चारा. निवडायचं कसं, तर सोसायटीचा ढोरांचा डॉक्टर म्हणाला, मला पळणारा घोडा नको, पोहोचणारा पाहिजे. नारायणगडाच्या पायथ्यापासून निघायचं, चौसाळ्यावरून आमच्या गावाला सोसायटीच्या दारात यायचं. थांब्या-थांब्यावर तपासणी. प्रत्येक घोड्यामागं घरची माणसं पाणी घेऊन सोसायटीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.

मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग तर झालंच. आपली घोडी दिवसभर वरातीत उभी ऱ्हाती."

"उभं राहणं येगळं, चालणं येगळं."

"तुमाला दोन्ही येत न्हाई, तिला येतं."

तयारी सुरू केली. पहाटे मी घोडीला डोंगराच्या वाटेनं न्यायचो. चालायची चांगली. मग एक दिवस दोस्त आला, तोंड पाडून ओट्यावर बसला.

"क्या बे, झालं काय?" मी विचारलं.

"सोसायटीनं मला काम दिलंय. दौडीच्या दिवशी गावा-गावात ताशा वाजवायचा. ट्रॅक्टरवर बसून. घोडे आले की स्वागत."

मी कपाळाला हात लावला. ताशा वाजला की आमची घोडी नाचणार. नाचत नाचत चौसाळ्याला पोहोचेपर्यंत तिचा दम संपणार. त्याला नको म्हणायची सोय नव्हती, त्याच्याही घरात चूल होती.

घरची म्हणाली, "भाईजान, रोज सकाळी येऊन हितं वाजवा. सवय मोडू."

मग आमच्या अंगणात रोज वरात. तो वाजवायचा, मी घोडीवर बसून पुढं काढायचो आणि घोडी जागच्या जागी नाचायची. तोबऱ्यात चंदी दाखवून बघितली, तिनं तोबऱ्याकडं बघत बघत नाच केला. दरडावून बघितलं, मान वेळावून नाच केला. शेजारीपाजारी खडीवर जायच्या आधी कुंपणाशी उभे राहून बघायचे. एक म्हातारी म्हणाली, "दुष्काळात तमाशा बी फुकट मिळाला बाई." सगळं कुंपण हसलं. मीपण हसलो. पण घोडी बाजारात जाणार हे मला दिसत होतं.

घरची मात्र हसत नव्हती. ती खाली बसून घोडीकडं बघत होती. मग माझ्याकडं बघायला लागली.

"खाली उतरा," ती म्हणाली.

"कावून?"

"उतरा म्हणते ना."

मी उतरलो. तिनं आमच्या गोधडीतला कापूस ओढला, दोन बोळे केले आणि माझ्या कानात ठासले. लई खोल ठासले. मग मला हातानं खूण केली, बसा. मी बसलो. दोस्ताचे हात चालताना दिसत होते, आवाज नावालाच. मी टाच लावली. घोडी चालली. अंगण ओलांडून, कुंपण ओलांडून, सरळ चालली, जशी भाजी आणायला निघालेली बाई.

परत आलो तर ती पोट धरून हसत होती. कानातला कापूस काढला तेव्हा ऐकू आलं.

"घोडी न्हाई नाचत! तुमी नाचताय! ताशा वाजला की तुमचे खांदे हलत्यात, मांड्या हलत्यात. तिला वाटतं मालक म्हणतोय नाच!"

"मी न्हाई हलत."

दोस्त ताशा बाजूला ठेवून उठला आणि त्यानं मी कसा हलतो ते करून दाखवलं. कुंपणापाशी उभी म्हातारी डोळे पुसायला लागली हसून हसून. म्हणजे इतकी वर्षं वरातीत पुढं चालून माझ्याच अंगात ताशा मुरला होता. घोडी बिचारी माझं ऐकत होती.

तिथून पुढं घोडीची तयारी संपली आणि माझी सुरू झाली. घरची मला रोज संध्याकाळी घोडीवर बसवायची, ताशा लावायची आणि हातात काठी घेऊन बाजूनं चालायची. खांदा हलला की काठी. मांडी हलली की काठी. खडीवर दिवसभर हातोडा मारून आलेली बाई, पण माझ्यासाठी तिच्या हातात जोर शिल्लक असायचा. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना म्हणायला लागल्या, तुमालाबी घोडी घेऊन देते, मग बघा. तरीपण खरं सांगतो, माझं अंग पूर्ण शहाणं झालं नाही. म्हणून ठरलं, दौडीला कापूस घालूनच बसायचं.

दौडीच्या दिवशी ऊन पहिल्यापासूनच तापलं होतं. तट्टं, खेचरं, टांग्याचे घोडे, मेंढपाळांचे सामान वाहणारे घोडे, सगळे आले होते. पहिल्या थांब्यावर घरचीचं काम बघितलं आणि मला कळलं की ती खडीवर बसल्या बसल्या सगळा विचार करून आली होती. प्रत्येकाला पाणी सारखंच होतं. काही जणांनी ते घोड्याच्या पाठीवर धबधबा ओतलं आणि संपवलं. तिनं फडकी भिजवून गळ्याखाली, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या मधे नुसती फिरवली आणि पिळलेलं पाणी परत बादलीत घेतलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, मान हलवली, हातानंच जा अशी खूण केली. गावात ताशा कडाडत होता म्हणे. मला काय ठाऊक? मी आपला थंड डोक्यानं पुढं.

आणि तिथंच घोळ झाला. चौसाळ्याचा थांबा एका वळणावर लिंबाखाली होता. मी समजलो पुढं असेल. घोडी झकास चालली होती, मला वाटलं लोक माझं कौतुक करतायत, हात हलवतायत. मीपण हात हलवला. एक हॉटेलवाला तर दुकानातून बाहेर पळत आला, मी त्याला रामराम केला. दुकानं संपली, गाव संपत आलं, तरी लोक हात हलवतच होते.

मग घोडीनं मागं कान केले. मी वळून बघितलं. भर हमरस्त्यावरून घरची पळत येत होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात चप्पल, तोंड उघडं, आणि मला अक्षर ऐकू येत नव्हतं. तिच्यामागं अर्धं गाव. मी कापूस काढला.

"...तुमच्या बानं थांबा बांधलाय का पुढं? तपासल्याबिगर गेलात तर बाद करतील की घोडी! बहिऱ्या! कवाधरनं बोंबलते म्या!"

"अगं, तूच तर कापूस..."

"चला मागं!"

मागं फिरलो, लिंबाखाली तपासणी करून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बादलीत पाणी मात्र होतं. एवढं पळून तिनं सांडू दिलं नव्हतं. घोडीनं तिथंच उभ्या उभ्या प्यायलं आणि हिनं माझ्याकडं बघून चप्पल पायात घातली.

गावाला पोहोचलो तेव्हा घोडी दमली होती, पण श्वास ठीक होता. सोसायटीच्या दारात उतरून मी कापूस काढला. डॉक्टरनं नळी लावली, खूर बघितले, मग म्हणाला, "आता हिला हातात धरून पळवून दाखवा. लंगडते का बघायचंय."

मी दोर धरला, पळालो. घोडी जागेवर. ओढली, तरी जागेवर. माणसाच्या बाजूनं पळायचं हे तिनं जन्मात केलं नव्हतं, वरातीत कोण पळतं? डॉक्टर थांबला. परत सांगितलं. परत तेच.

"आबा," डॉक्टर म्हणाला. तेव्हा मी आबा नव्हतो, पण तो सगळ्यांनाच म्हणायचा. "पाय बघितल्याशिवाय मी पास करू शकत नाही. दुखत असेल म्हणून हलत नसेल तर?"

"दुखत न्हाई साहेब."

"मला दिसलं पाहिजे."

मी परत एकदा दोर ओढून बघितला. मागं चाऱ्याचा डेपो दिसत होता, कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. चेअरमन दुसऱ्या घोड्याला बोलवायला लागला.

तेव्हा आमची घरची सगळ्यांना बाजूला सारून पुढं आली आणि ट्रॅक्टरकडं बघून ओरडली, "भाईजान, बसलात काय! वाजवा की!"

दोस्तानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि असा हाणला ताशा की सोसायटीच्या पत्र्यावरची कबुतरं उठली. माझे खांदे हलले. हलू दिले. घोडीनं मान वर केली, पुढचे दोन्ही पाय उचलले, एकसारखे, मग मागचे, आणि सोसायटीच्या दारात, धुळीत, दिवसभराची वाट तोडून आलेली ती अशी नाचली जशी तिची स्वतःचीच वरात होती. डॉक्टर खाली वाकून तिच्याभोवती फिरला. एक पाय बघितला, दुसरा बघितला. चारी पाय सारखे पडत होते.

"लंगडा घोडा असा नाचत नाही," डॉक्टर म्हणाला. "घ्या ही घोडी."

चेअरमनसुद्धा नाचला. घरची नाचली नाही. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. हसते का रडते, मी विचारलं नाही. 

पाऊस पडेपर्यंत घोडीनं डोंगरावरून दूध आणलं. तिची लेक झाली, लेकीची लेक झाली. पुढं लोक हौसेनं दौडी करायला लागले आणि आमच्याकडं शिकायला यायला लागले. ताशेवाला दोस्त मागंच गेला. तो असता तर परवा आमच्या घरचीसाठी लहान पोरासारखा रडला असता.

तिला स्मशानात पोहोचवून आलो त्या दिवशी परळीहून आमची लेक आली होती, घर माणसांनी भरलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, घोड्या आता देऊन टाका. एकट्यानं होणार न्हाई. आमच्याकडं चला." जावई म्हणाला, गिऱ्हाईक मी बघतो. मी उठून गोठ्यात घोड्यांना कडबा टाकला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकणारी मंडळी दारात येऊन उभी राहिली. पांढरे कपडे घालून, माना खाली घालून. त्यांना वाटलं सुतक आहे, दौडीचं काय ते विचारून माघारी जायचं. मी गोठ्यात गेलो, त्या नाचऱ्या घोडीच्या वंशातली एक घोडी सोडली, बाहेर आणली. माझा हात थरथरत होता, ते तिच्यात उतरलं, ती पाय आपटायला लागली. मी दोर एका पोरीच्या हातात दिला. म्हणालो, "तू बस. खांदे सैल सोड." लेक दारातून म्हणाली, "बाबा, आज?" मी म्हणालो, "आज."

मग पाणी कोण देणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मी हौदावर गेलो, बादली भरली आणि घोडीच्या मागं पळायला लागलो. या वयात पळणं म्हणजे काय, नुसतं हलणं. निम्मं पाणी माझ्याच धोतरावर.

"आबा, सांडतंय!" पोरी ओरडल्या.

"दिसतंय मला," मी म्हणालो, आणि परत भरायला वळलो.