बँडवाल्यांचं मागणं

लग्नात सगळ्यात जास्त कोण थांबतं, ठाऊक आहे? नवरी नाही, भटजी नाही. बँडवाले! नवरदेवाचा फेटा बांधून व्हायचा असतो, मामा कुठंतरी चहाला गेलेले असतात, घोडं यायचं असतं. आणि आम्ही लाल कोट घालून, गळ्यात वाद्यं अडकवून लिंबाच्या झाडाखाली उभे. वाजवणं दोन तास, थांबणं चार तास! या थांबण्यात गप्पा साचत जातात. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला काहीतरी आठवतं. मग घोडं आलं, की अर्ध्यावर टाकून उठायचं आणि पुढच्या लग्नात तिथूनच सुरू करायचं.

मी केडगावच्या एकनाथ मास्तरांच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. बावीस वर्षं झाली. आमच्या गप्पा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. आपलं काय काय व्हावं, आणि ते कुणाकडं कसं मागावं. दुपारचं ऊन कोटाच्या सोनेरी फितीवर पडलेलं असतं, लांबून उसावरचा वारा येतो, डोळे जड होतात. तेवढा वेळ आम्ही सगळे खरोखरचे श्रीमंत असतो!

०००

मी बँडमध्ये आलो तेव्हा मास्तरांनी एक लग्न वाजवून घेतलं. माझा हात त्यांना पसंत पडला. मग विचारलं, "हजेरी काय घेशील?"

हजेरी म्हणजे एका लग्नाचे पैसे. मला तर लाज वाटली. मान खाली घालून म्हटलं, "द्याल ते."

मास्तर एकदम खूश. "पोरगं गुनी हाय!" म्हणाले.

आमच्यात सॅम्युअलभाऊ म्हणून ट्रंपेट वाजवतात. मूळचे श्रीरामपूरचे, चर्चमध्ये वाजवता वाजवता शिकलेले. ते हे सगळं ऐकत होते. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दत्ता, एक काम कर. किराणा दुकानात जा आणि 'द्याल ते' नावाची नोट दे. बघू किती साखर येते!"

०००

त्या हजेरीवर आठ वर्षं काढली. मग थोरली मुलगी बारावी पास झाली. तिला नगरला कॉलेजात घालायचं होतं. माझी बायको मंगल घरी ब्लाऊज शिवते. ती म्हणाली, "मास्तरांकडं पाचशे वाढवून मागा. एका लग्नामागं पाचशे. जास्त नाही."

मी टेम्पोत प्रॅक्टिस केली. सॅम्युअलभाऊ मास्तर झाले, मी मी झालो. दहा वेळा मागितले, दहाही वेळा मिळाले! रात्री स्वप्नातसुद्धा मिळाले.

सकाळी मास्तरांच्या अंगणात गेलो. ते खाटेवर बसून पितळी वाद्यं पुसत होते.

"मास्तर, जरा बोलायचं होतं."

"बोल की. आधी च्या घेनार का?"

"घेतो."

आल्याचा चहा आला. मास्तरांनी माझ्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, मुलीच्या मार्कांची केली. ऊन इतकं छान पडलं होतं, की मध्येच पैशाचं काढायला जीव होईना. दुसरा कप आला. तोही प्यायलो आणि घरी आलो.

मंगलनं मशीन थांबवलं. "काय म्हणाले?"

"चहा दिला."

"किती कप?"

"दोन."

तिनं दातानं दोरा तोडला. "म्हणजे एक कप अडीचशेला पडला!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली. मास्तर म्हणाले, "या, या! च्या घेनार का?"

"नको मास्तर. आम्ही घरून पिऊन आलोय. पाचशेचं बोलायला आलोय."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दत्ता, हिला ड्रम येतो का रं वाजवायला?"

"न्हाई मास्तर."

"बरं झालं! न्हाईतर तुला काढून हिलाच ठिवली असती!"

पाचशे वाढले. मुलगी आज एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. तिथं मुलाखतीत तिला विचारलं, "पगाराची अपेक्षा किती?" तिनं आकडा सांगितला. आईची मुलगी!

०००

आमचे क्लॅरिनेटवाले रहेमानचाचा भिंगारचे. सत्तरीला आलेत. अतिशय अबोल. तोंडानं काही मागणं त्यांच्या स्वभावातच नाही.

राहुरीकडच्या एका लग्नात आम्ही सकाळी आठपासून उभे. दुपारचा एक वाजला. मांडवात पंगती उठत होत्या, बासुंदीचा वास सुटला होता, पण आम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारेना. मास्तर दोनदा आत जाऊन आले. "बघतो, बघतो" एवढंच उत्तर.

तेवढ्यात नवरदेव घोड्यावर बसला. मास्तरांनी काठी वर केली. चाचांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि मुलीच्या पाठवणीची धून सुरू केली! अशी की काळीज हललं पाहिजे. लिंबाची पानंसुद्धा जागच्या जागी थांबल्यासारखी वाटली. मांडवातल्या बायका रडायला लागल्या. नवरीची आत्या तर हुंदके देऊ लागली. घोड्यावर नवरदेवाला काय करावं ते कळेना, त्यानं रुमाल काढला!

नवरीचे वडील पळत आले. "अहो, हे काय वाजवता? नवरदेव अजून मांडवात यायचाय! पोरगी आतच हाय माझी!"

चाचांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. फार अदबीनं म्हणाले, "माफ करा साहेब. पोटात काही नसलं, की ह्याच्यातून हेच निघतं."

दहा मिनिटांत ताटं आली. बासुंदी दोन-दोन वाट्या! जेवून उठल्यावर चाचांनी जे वाजवलं, त्याच्यावर नवरीचे वडीलच नाचले.

०००

सॅम्युअलभाऊंचं एक स्वप्न होतं. स्वतःचा म्युझिक क्लास. एक खोली, बारा खुर्च्या, रस्त्याच्या बाजूला खिडकी. "खिडकी उघडी ठेवायची," ते सांगायचे. "येणाऱ्या-जाणाऱ्याला सूर ऐकू गेला पाहिजे. एखादी म्हातारी भाजी घेऊन चालली असेल, ती थांबली पाहिजे." ते सांगत असले, की आम्हाला ती म्हातारी दिसायची. पिशवीतली मेथीसुद्धा दिसायची!

पण खोलीचं भाडं कुठून आणायचं? एका शाळेचं बँडपथक ते दरवर्षी २६ जानेवारीसाठी तयार करून द्यायचे. महिनाभर रोज सकाळी दोन तास. आणि त्याबद्दल मिळायचं काय? शाल आणि श्रीफळ! टाळ्या वेगळ्या. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी कार्यक्रमाला भाऊ आले ते अंगानं दुप्पट होऊन. थंडी होतीच, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलांनी सुंदर वाजवलं. मग हेडमास्तर नवी शाल घेऊन पुढं झाले आणि बघतच राहिले. भाऊंनी सातही शाली एकावर एक पांघरल्या होत्या! हेडमास्तरांना खांदा सापडेना.

भाऊ हसून म्हणाले, "सर, खांद्यावरची जागा संपली. आता खिसा बघा, तो सगळा मोकळा आहे!"

सगळं मैदान हसलं. हेडमास्तर माणूस चांगला. तेही हसले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी भाऊंना बोलावून मानधन ठरवलं. आज क्लास चालू आहे. खुर्च्या नऊच आहेत, पण खिडकी मोठी आहे.

०००

आमची गायिका सुनंदा. बँडच्या गाडीवर उभी राहून गाते. आवाज असा, की पुढचे नाचणारे क्षणभर नाचायचं विसरतात. पण गाडीवरच्या पाटीवर नाव फक्त 'एकनाथ मास्तर आणि पार्टी'.

पाटी नव्यानं रंगवायची होती. पेंटर ब्रश घेऊन बसला होता. सुनंदा म्हणाली, "मास्तर, माझं बी नाव टाका."

"अगं, जागा कुठं हाय?"

"'आणि पार्टी' खोडा की. तेवढ्या जागेत मी मावते!"

चाचा हळूच म्हणाले, "मग आमी कुठं जायचं, बेटी?"

"तुमी कुठं नका जाऊ, चाचा. तुमी माझ्या मागं वाजवा!"

शेवटी पेंटरनंच जागा काढली. खालच्या बाजूला, पिवळ्या रंगात, 'गायिका : सुनंदा'. त्या दिवशी ती पाटीसमोर कितीतरी वेळ उभी होती. रंग वाळायची वाट बघतेय, असं म्हणाली.

पुढच्या महिन्यात पारनेरहून चार माणसं सुपारी द्यायला आली. सुपारी म्हणजे आमचं बुकिंग. दारातूनच त्यांनी विचारलं, "सुनंदाताईंचा बँड ह्योच का?"

मास्तरांनी आधी सुनंदाकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. ह्योच."

माणसं सुपारी देऊन गेली. सुनंदानं पदर नीट केला. "मास्तर, आता हजेरीचं बोलायचं का?"

०००

मागच्या वर्षी मार्थाबाई म्हणून एक बाई श्रीरामपूरहून एसटीनं आल्या. साठी ओलांडलेली, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "पूर्ण बँड पाहिजे. गायिकेसकट."

मास्तरांनी विचारलं, "लगीन कुनाचं?"

"लग्न नाही. वरात आहे. माझी."

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग बाईंनी सगळं सांगितलं. एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं पोळ्या लाटल्या. कामाला लागल्या त्या पहिल्याच दिवशी मॅनेजरला म्हणाल्या होत्या, "तेलाचे रिकामे डबे माझे." मॅनेजर हसला, "न्या की!" डबे विकून आलेल्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. नवऱ्याच्या आजारपणातही नाही. तेव्हा रात्रीच्या पोळ्यांचं जास्तीचं काम मागून घेतलं. नवरा गेला, मुलगा नाशिकला गेला. आणि आता रेल्वेलाइनच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर त्या विकत घेत होत्या. कागदावर एकटं त्यांचं नाव.

"माझ्या लग्नात बँड नव्हता," त्या म्हणाल्या. "सासरे म्हणाले, कशाला खर्च. तेव्हा मी काही बोलले नाही. खरेदीखत झालं, की रजिस्टर ऑफिसपासून माझ्या दारापर्यंत वाजवायचं."

ठरल्या दिवशी चार वाजता आम्ही ऑफिससमोर उभे. बाई बाहेर आल्या. प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद, फाइल छातीशी धरलेली. सॅम्युअलभाऊंनी विचारलं, "मावशी, प्रार्थनेचं एखादं गाणं घेऊ का?"

"ते रविवारी असतंच. वरातीचं वाजवा!"

आणि निघालो. दुकानदार बाहेर आले, गॅलऱ्यांमध्ये बायका जमल्या. "नवरी कुठंय? नवरी कुठंय?" लहान मुलं विचारत होती. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि हॉर्ननं ठेका धरला! बाई एकट्या पुढं चालत होत्या. मी इतक्या वराती वाजवल्या, पण इतकं हळू कुणी चालताना बघितलं नाही.

घर आलं. दाराला हिरवा रंग, वर झेंडूचं तोरण. बाईंची बहीण गूळ-पाणी घेऊन उभी होती. सॅम्युअलभाऊंनी शेवटचा सूर लांबवला आणि सोडला. एकदम शांत झालं. मी ड्रम उतरवायला लागलो.

मास्तर घाम पुसत म्हणाले, "आलं बघा घर, मावशी. सुखानं ऱ्हावा."

बाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. हातात किल्ली होती, पण कुलपाला लावली नाही. मागं वळून आलेल्या रस्त्याकडं बघत राहिल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "परत एकदा."

"काय परत?"

"ऑफिसपासून. मगाशी सगळे माझ्याकडं बघत होते, मी खाली मान घालून चालले. रस्त्यात कोण कोण होतं, मला काही दिसलंच नाही."

आमचे मास्तर घड्याळाचे पक्के. वेळेच्या पुढं एक मिनिट वाजवायचे नाहीत, कुणीही सांगू दे. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. ऊन उतरलं होतं, रस्त्यावरची धूळ सोनेरी झाली होती.

बाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि मान वर केली.

मास्तरांनी काठी उचलली.