कमांडरकाका त्या मंगळवारी कुठे होते?

भूतखेत, करणी, भानामती... माझा कशावरही विश्वास नाही, आधीच सांगून टाकतो. मी कोर्टात कारकून आहे. शपथ घेऊन खोटं बोलणारी माणसं रोज बघतो, म्हणून आपण फक्त कागद मानतो. तरीही हे लिहायला बसलोय.

माझे काका नेव्हीत कमांडर होते, समुद्राचे नकाशे करायचे. निवृत्तीनंतर घरी बसतील तर शपथ! आर्क्टिकच्या मोहिमांवर जायला लागले, बर्फाची जाडी मोजायला. गेल्या मार्चमध्ये चौथ्यांदा गेले. काकी शुक्रवार पेठेतल्या घरी एकटी.

मी रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. तिथं समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायचं. काकांचीही ती जुनी सवय. एका मंगळवारी कोर्टात उशीर झाला म्हणून कट्टा चुकला. बुधवारी गेलो तर गवळी म्हणाला, "काल कमांडर सायेब आलतं की! दोन ग्लास प्यालं, बोललं काय न्हाईत, गेलं."

"काका? ते तिकडं बर्फात हाईत."

"मला शिकवू नगासा. परकं माणूस उभं ऱ्हायलं की ही म्हैस पान्हा चोरती, दूध सोडत न्हाई. काल चोरला न्हाई."

झालं! माझं कोर्टातलं डोकं सुरू. काकांचा फोन तर लागतच नव्हता. म्हणजे हे आर्क्टिकला गेलेच नाहीत? इथंच कुठं दुसरं बिऱ्हाड मांडलंय की काय? आणि मी शहाण्यानं हे काकीला जाऊन सांगितलं. ती भांडली नाही, रडली नाही. बॅग भरून शाहूवाडीला माहेरी निघून गेली. तीस वर्षांचा संसार माझ्या एका वाक्यानं मोडायला आला... माझी मलाच लाज वाटते.

महिन्याभरानं काका परतले. पायाची दोन बोटं थंडीनं गेलेली, सोबत मोहिमेतले पुण्याचे एक सहकारी. काकीला बोलावून घेतलं आणि मी चक्क काकांची उलटतपासणी घेतली. पासपोर्टवरचे शिक्के, फोटो, हॉस्पिटलचे कागद — सगळं चोख. त्याच मंगळवारी वादळात काका तंबूपासून भरकटले होते, चार तास पत्ता नव्हता. वेळेतला फरक धरला तर तेव्हा इथं संध्याकाळच होती.

"आम्ही आशा सोडली होती," सहकारी म्हणाले. "सापडल्यावर गरम सूप दिलं, तर म्हणतात कसे, नको, पोट भरलंय."

काकांना त्या चार तासांतलं काहीच आठवत नाही. काकांसारखा दिसणारा दुसरा कोणी असेल म्हणून मी आठवडाभर गंगावेस पालथी घातली. कोणी नाही. गवळी आजही शब्द मागे घेत नाही. आणि माणूस फितवता येतो हो, म्हैस कशी फितवणार? माझ्याकडे याचं उत्तर नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

मला वाटलं, आता काकीचा संशय तरी फिटला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग काकांकडे वळली.

"मराय टेकला व्हतासा, तवा गंगावेशीपातूर आलासा. तितनं घर सात मिनिटांवर. मग माझ्याकडं का आला न्हाईसा?"

काकी आता घरीच असते, काकांच्या पायाची मलमपट्टी करते, वेळेवर जेवायला वाढते. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.