एकावन्न म्हंजे किती

वेसेली गावात व्हर्ना झायचेकचं नाव काढलं की चांगले बापे गडी खुर्चीत सावरून बसायचे. गाव म्हणजे तरी केवढं, नेब्रास्काच्या मक्यात हरवलेली एक गल्ली. एक धान्याचं कोठार, एक चर्च, एक शाळा आणि शाळेपेक्षा थोरलं फुटबॉलचं मैदान. पण या गल्लीतला बराचसा तरणा माणूस कधी ना कधी व्हर्नाबाईंच्या रसायनाच्या वर्गात बसलेला, आणि तिथं एकदा तरी त्याचा पाणउतारा झालेला.

बाई वाळल्या धाटासारख्या उंच आणि सरळ. केस मात्र रुपेरी, कुरळे, एक बट हलायची नाही. दर शुक्रवारी टॅमीच्या दुकानात बसून त्या ते रोलर लावून बसवून घ्यायच्या. नवरा मायलो गुरं पाळायचा. तो म्हणायचा, "माझ्या घरात दोनच गोष्टी वक्ताला व्हत्यात. गुरांची वैरण आन् बायकोचा राग."

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत हुशार पोरांसाठी जे वरचे वर्ग असतात, कॉलेजच्या तोडीचे म्हणून ज्यांची शाळा फुशारकी मारते, त्यातला रसायनाचा वर्ग बाईंचा. बाकीचे मास्तर मऊ होते. पेपर बिघडला तर चुका दुरुस्त करून आणा, अर्धे मार्क परत घ्या. तरी कमी पडले तर वर्गाला कागदी रुमालाचा खोका आणून द्या, घ्या आणखी दोन मार्क. व्हर्नाबाईंकडं असली सवलत औषधाला नव्हती. पेपर एकदाच. शंभरात साठाच्या खाली गेलास की नापास. कुणी गयावया केली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "कॉलेजात कोण देणार हाय तुला दुसरा डाव? हितं मोडलास तर हितल्या हितं घरी जाशील. तिकडं मोडलास तर तोंड काळं करून ईशील."

हे त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटायचं. स्वतः त्या लहानशा अध्यापक कॉलेजात शिकलेल्या. राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाच्या वर्गात त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता. लहानपणी न बघितलेल्या लांडग्याचं भ्या असतं ना, तसं ते विद्यापीठ त्यांच्या मनात बसलं होतं. आपण पोरांना त्या लांडग्यासाठी तयार करतोय, एवढीच त्यांची समजूत.

यंदा वर्गात कोरा ब्लेझेक नावाची पोर होती. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं वासरू फिरवणारी, बापाच्या शेतावर वाढलेली. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. ऑक्टोबरच्या पेपरात तिला चोपन्न पडले.

"चोपन्न," बाई पेपर तिच्या हातात देत म्हणाल्या. "गुरांच्या डॉक्टरला चार-चार वर्सं हेच शिकावं लागतं. चोपन्नवाली पोरं तिकडं पैल्या म्हैन्यात घरी येत्यात. मी बगितल्यात."

"मंग काय करू, बाई?"

"विषय सोडायची मुदत शुक्कुरवारी चारपातुर हाय. नाव काढून टाक. नुसतं शेतावर ऱ्हायलं म्हणून कुणाचं काय अडत न्हाई."

कोरानं मान हलवली. रडली नाही. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, कारण रडणारी पोरं मागाहून चिवटपणानं अभ्यास करतात हा त्यांचा अनुभव.

त्याच आठवड्यात शाळेच्या हेडमास्तरांनी बाईंना एक काम लावलं. शाळेतला वरचा वर्ग कॉलेजातच धरला जावा, म्हणजे पोरांना तिकडं तो विषय पुन्हा घ्यावा लागू नये, असं चाललं होतं. विद्यापीठ म्हणालं, आधी तुमच्या मास्तरणीला आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक दिवस बसवा, दोन्हींचा मेळ बसतो का बघू द्या. दिवस ठरला शुक्रवारचा. बाईंनी एक दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तांबडं फुटायच्या आत गाडी काढली. वाटेत त्या स्वतःशी म्हणत होत्या, आपला वर्ग कमीच पडणार, लाज राखली म्हणजे झालं.

वर्ग म्हणजे जत्रेतला तंबू. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली बाकडी आणि पार तळाला, मुंगीएवढा, गळ्याला फुलपाखरी टाय बांधलेला टकला म्हातारा प्रोफेसर. बाई शेवटच्या ओळीत बसल्या. गेल्या आठवड्यातल्या परीक्षेचे पेपर आज परत मिळणार होते. एक पेपर बाईंच्याही हातात आला, न सोडवलेला, नुसता बघण्यासाठी.

त्यांनी पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. मग पेपर उलटा करून पुन्हा सुलटा केला. यातले निम्मे प्रश्न त्यांच्याच ऑक्टोबरच्या पेपरातले म्हणावेत असे. उरलेल्यांपेक्षा त्यांचे प्रश्न अवघड होते. वर पहिल्याच पानावर सगळी सूत्रं छापून दिलेली. आणि खाली लिहिलेलं, विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं तळहाताएवढं एक कार्ड सोबत आणायला हरकत नाही.

बाईंच्या वर्गात तळहातावर शाई दिसली तरी पोराला बाहेर काढत.

"सरासरी सत्तेचाळीस," प्रोफेसर खालून म्हणाला. "छान आहे. गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे."

बाईंना वाटलं, आता हा या पोरांना सोलून काढणार. पण म्हातारा पाणी प्यायला आणि फळ्यावर आकडे लिहायला लागला. सत्तेचाळीसच्या आसपास, सी, म्हणजे पास. पन्नासच्या पुढं, बी. सत्तरच्या पुढं, ए. "आणि वर्षातला सगळ्यात वाईट पेपर मी धरत नाही," तो म्हणाला, "कधीतरी माणसाचं पोट बिघडतं."

पोरं हसली. पन्नासच्या पुढं बी. म्हणजे चोपन्न.

वर्ग सुटला तसं मागून कुणीतरी हाक मारली. "व्हर्नाबाई? तुमी हितं कशा?"

डॅरिल पोस्पिशिल. तीन वर्षांमागं त्यांच्याच हाताखालून गेलेला, कसाबसा सुटलेला. आता तो प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांना मदत करायचा, अंगात पांढरा डगला.

"तू? हितं शिकवतोस?" बाई म्हणाल्या.

"शिकवत न्हाई, पोरं पेटू देत न्हाई एवढंच." तो हसला. "तुमच्या वर्गातनं आल्यावर हितलं गणित म्हंजे खेळ वाटतो, बाई. खरं सांगतो."

"मंग अवगड काय हाय हितं?"

डॅरिलनं खाली रिकाम्या होत चाललेल्या बाकड्यांकडं बोट दाखवलं. "निम्मी बाकडी आजच रिकामी व्हती, बगितली का? उद्या मी आलो न्हाई, परवा आलो न्हाई, तरी कुणी इचारत न्हाई. तुमी तीन आठवडे घासून शिकवायच्या ते हितं एका तासात. कळलं तर कळलं. तुमी रागवायच्या. हितं कुणी रागवतच न्हाई. त्ये लई जड जातं."

बाईंनी हातातल्या पेपराची घडी घातली.

"मी तर पैल्या परीक्षेनंतर पळून चाललो व्हतो," डॅरिल म्हणाला. "एकोणपन्नास पडले. पेपर हातात मिळायच्या आदल्या रात्री आकडा फोनवर दिसला. वाटलं, बाईंनी सांगितलंच व्हतं. गाडीत गादी टाकली, कपडे टाकले, निम्म्या वाटंला आलो. डिझेल भरत व्हतो तवा खोलीतल्या पोराचा फोन आला, येड्या, कुटं हाईस, तू सरासरीच्या वर हाईस की."

तो हे हसत सांगत होता. बाईंना हसू येईना.

"त्यो प्रोफेसर," त्यांनी विचारलं, "कवापासनं असे आकडे धरतोय?"

"पयल्यापासनं. पंचवीस-तीस वर्सं झाली आसतील. म्हातारा बदलतोय व्हय."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मका कापायची यंत्रं धूळ उडवत होती. बाई एरवी कोण कुणाचं रान कापतंय हे मोजत जायच्या. आज त्यांना एकच कळत होतं की आपल्या हातात स्टिअरिंग आहे. मी बगितल्यात, असं त्या कोराला म्हणाल्या होत्या. कोण बघितली होती त्यांनी? घरी आलेली पोरं. का आली ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दोन वाजता त्या टॅमीच्या खुर्चीत बसल्या, कारण शुक्रवारी दोन वाजता त्या तिथंच बसायच्या. शुक्रवारी शाळा लवकर सुटायची, रस्त्यावरनं पोरं फुटबॉलच्या तयारीला चालली होती. टॅमीनं केस धुतले आणि रोलर गुंडाळायला घेतले. ही टॅमीसुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी, वर्गात पहिल्या पाचात. विद्यापीठात एक सहामाहीही पुरी काढली नाही, थंडीच्या आधीच परत आली. गाव म्हणालं, तिला झेपलं नाही. बाईसुद्धा तसंच म्हणाल्या होत्या.

निम्मे रोलर लागले तेव्हा बाई आरशात बघून म्हणाल्या, "टॅमी, तू कॉलेजातनं आलीस तवा तुला किती पडले व्हते?"

टॅमीचा हात थांबला. "आज काय काढलंत?"

"सांग तरी."

"एकावन्न. केमिस्ट्रीला. दारावर आकडे चिकटवले व्हते. बगितलं आन् सामान बांदलं." तिनं दातातली पिन काढली. "तुमी म्हणायच्याच की. थांबून तोंड काळं कशाला करून घ्या."

"प्रोफेसर कोण व्हता? टकला? फुलपाखरी टायवाला?"

"तवा डोक्यावर थोडे व्हते. टाय त्योच."

गप्प बसता आलं असतं. टॅमीचं दुकान झकास चाललं होतं, दोन पोरं होती, नवरा धान्याच्या कोठारात कामाला. उगाच जुनी जखम कशाला उकरा. पण बाईंना आयुष्यात चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच ठेवणं जमलं नव्हतं.

"टॅमी," त्या म्हणाल्या, "त्यो पन्नासच्या वर बी देतो. पयल्यापासनं. तू पास व्हतीस. नुसती पास न्हाई, निम्म्या वर्गाच्या म्होरं व्हतीस."

आरशात टॅमी दिसत होती, पण ती आरशात बघत नव्हती. तिनं हातातली पिन टेबलावर ठेवली.

"तुमाला कवा कळलं?"

"आज सकाळी."

"आज सकाळी," टॅमी म्हणाली. तिनं एक रोलर उचलला, परत ठेवला. "आमी एवढी पोरं तुमचं ऐकून घाबरलो, आन् तुमी कवा जाऊन बगितलंसुदिक न्हाई?"

"न्हाई."

बाईंना वाटलं ती आता कातरी फेकेल. त्या तयार होत्या. पण टॅमी वळून घड्याळाकडं बघायला लागली.

"कोरा ब्लेझेक आज विषय सोडणार हाय ना? तिची आई सकाळी केस कापून गेली. चारच्या आत."

"व्हय."

"मंग हितं काय बसलाय? उठा."

"केस..."

"केसाला आग लागू दे, बाई. उठा म्हणते ना."

आणि वेसेली गावानं आजवर न बघितलेली गोष्ट बघितली. डोक्याला निम्मे गुलाबी रोलर, निम्मे केस ओले लटकणारे, गळ्यात दुकानातलं प्लास्टिकचं कापड, अशा व्हर्नाबाई भर रस्त्यानं पळत शाळेत गेल्या. धान्याच्या गाडीवाल्यानं ब्रेक मारला. चर्चच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणीतरी मेलं असणार असं धरून.

विषय लावून देणाऱ्या मॅडमच्या खोलीबाहेर बाकड्यावर कोरा बसली होती. दुपारच्या जेवणातला दालचिनीचा गोड पाव हातात, अर्धा खाल्लेला. बाईंना बघून तिचं चावायचं राहिलं.

"बाई, तुमच्या डोस्क्याला काय झालं?"

"सही केलीस?"

"आत दुसरं कोण हाय. माजा नंबर आता."

बाई तिच्याशेजारी बसल्या. धाप लागली होती. त्यांनी सगळं सांगितलं, सरासरी, कार्ड, सूत्रं, फळ्यावरचे आकडे. कोरा ऐकत गेली तसतसं तिचं तोंड लाल होत गेलं.

"म्हंजे तिकडं चोपन्न म्हंजे बी?"

"बी."

"आन् हितं नापास."

"हितं नापास."

"मंग मी ढ हाय का न्हाई, तेवढं सांगा."

बाईंना पोरांना काय सांगायचं हे नेहमी माहीत असायचं. "मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "चोपन्न वाईट न्हाई, एवढंच आज कळलं. तुजी तीन गणितं चुकलीत ती मात्र खरीच चुकलीत. त्ये तुला शिकावंच लागंल, कारण तिकडं कुणी तुज्या मागं लागणार न्हाई. हितं मी हाय तवर लागते."

कोरा हातातल्या पावाकडं बघत बसली. "मी आईला सांगून टाकलं व्हतं. बा म्हणाला, बरं झालं, गुरं इकायला हात मिळाला. रात्री मी गोठ्यात जाऊन बसले. गाईला काय कळतं, पण बसले."

बाईंनी गळ्यातलं दुकानाचं कापड सोडून मांडीवर घेतलं.

"सोमवारी आल्यावर ती तीन गणितं परत करून आणू? मार्क नका देऊ."

"आण."

आतलं दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "ये, कोरा." मग त्यांची नजर बाईंच्या डोक्यावर गेली आणि त्या पुढचं बोलायचं विसरल्या.

"माजं काय काम न्हाई," कोरा म्हणाली आणि दप्तर उचलून मैदानाकडं निघाली.

बाई परत दुकानात आल्या तेव्हा केस वाळून वाटेल तसे उभे राहिले होते. टॅमीनं नुसती खुर्ची वळवली. ओले करून पुन्हा रोलर गुंडाळायला लागली. नेहमीपेक्षा ओढून गुंडाळत होती, डोळ्यांच्या कडा ताणल्या जात होत्या. बाईंनी एकदाही हूं केलं नाही.

शेवटचा रोलर लावून टॅमी थांबली.

"ऱ्हायली का पोर?"

"ऱ्हायली."

टॅमीनं मान हलवली. मग जमिनीवरचे केस गोळा करायला खराटा घेतला, दोन हात मारले, आणि पाठमोरीच म्हणाली,

"एकावन्न म्हंजे किती म्हणालात, बाई? परत सांगा."