ओदिलचा पासपोर्ट

हिल्डा तुस्कानो आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, दुबईत अल मनखूलला, तिसऱ्या मजल्यावर. मी पहिल्या मजल्यावर. ती वसईची, नंदाखालची, मी रत्नागिरीची. तेरा वर्षांचा शेजार आहे. ही हकिकत तिनेच मला सांगितली, आणि मी लिहिणार म्हटल्यावर एकच अट घातली. "शहनाझ, मला उगाच चांगली करू नकोस. होते तशी दाखव."

२००४ साली, तेविसाव्या वर्षी ती दुबईला आली. खाडीजवळच्या एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली आणि हळूहळू गेस्ट रिलेशन्सपर्यंत पोचली. कोणत्या गेस्टला कुठली उशी लागते, कोणाच्या बायकोचं नाव चुकूनही घ्यायचं नाही, हे तिला तोंडपाठ. पण असिस्टंटच्या पुढे तिला कोणी सरकू दिलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी वरची जागा रिकामी व्हायची आणि कोणीतरी युरोपातून यायचं. हिल्डा त्यांना काम शिकवायची. ते तिचे साहेब व्हायचे.

म्हणून पासपोर्ट हा तिचा दुखरा दात. चर्चमधले गोव्याचे ओळखीचे एकामागून एक पोर्तुगीज कागद काढून लिस्बनला, तिथून आणखी पुढे जायला लागले, तेव्हा तिला रात्रंदिवस तेच. आमच्याकडे चहा पिता पिता म्हणायची, "बघ ना, चारशे वर्षांपूर्वी आमचाही बाप्तिस्मा पोर्तुगीजांनीच केला. आडनावं त्यांचीच दिली. मग गोवेकरांना पासपोर्ट आणि आम्हाला नुसतं आडनाव? चिमाजी अप्पांनी वसई घेतली नसती तर मीही आज युरोपियन असते."

तिचा नवरा अँड्र्यू एसी मेंटेनन्समध्ये आहे, शांत माणूस. तो म्हणायचा, "अगं, १७३९ ची गोष्ट आहे. खलास झाली ती."

"तुझ्यासाठी झाली असेल."

ओदिल हॉटेलात आली २०२१ च्या हिवाळ्यात. तिची फाइल हिल्डाकडेच आली. नॅशनॅलिटी : फ्रेंच. हिल्डाने मनात एक चित्र रंगवलं आणि दारातून आली ती तिच्यापेक्षाही सावळी, दाट कुरळ्या केसांची, दणकट बांध्याची, बत्तीस वर्षांची बाई. इंग्रजी मोडकंतोडकं.

"फ्रान्समध्ये कुठली तू?" हिल्डाने विचारलं.

"फ्रान्सची नाही. लिफू बेटाची. न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिकमध्ये. मी कनाक आहे, तिथली मूळची."

"मग पासपोर्ट?"

"१८५३ साली फ्रान्सने आमची बेटं घेतली. अजून सोडली नाहीत." ओदिल हसली. "म्हणून पासपोर्ट."

हिल्डाला वाटलं, आमचे राज्यकर्ते निघून गेले म्हणून मी अशी, आणि हिचे राहिले म्हणून ही तशी. एवढाच काय तो फरक.

तिने ओदिलला काम शिकवलं, आणि मनापासून शिकवलं, हे मी सांगायलाच हवं. दोघींची गट्टीही जमली. ओदिल रविवारी तिच्याकडे जेवायला यायची. हिल्डाचं नारळाच्या रसातलं मटण तिला फार आवडायचं. आमच्या बेटावरही सगळं नारळातच शिजतं, म्हणायची. हिल्डाची मुलगी सोफिया तिच्याकडून फ्रेंचचा अभ्यास करून घ्यायची आणि वर आईला ऐकवायची, "मम्मा, शी इज सो कूल." हिल्डा ताटं उचलायची आणि नळ जोरात सोडायची.

दीड वर्षाने गेस्ट रिलेशन्स मॅनेजरची जागा ओदिलला मिळाली. एचआरच्या साहेबांनी हिल्डाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, फ्रेंच गेस्ट वाढलेत, आपल्याला युरोपियन प्रोफाइल हवं. हिल्डा म्हणाली, "शुअर सर." बाहेर येऊन तिने ओदिलला मिठी मारली. मग घरी आली, आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हाताखाली टॉवेल मोजायला शिकलेली बाई."

त्याच सुमाराला दुसरं एक झालं. पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मरियामाउलीच्या यात्रेला जायचं, हे हिल्डाच्या आईचं नवस बोललेलं स्वप्न. आई नंदाखालला अंथरुणाला खिळली होती, म्हणून तिच्या वतीने हिल्डाने जायचं ठरवलं. बँकेचे कागद, हॉटेलचं पत्र, विमा, सगळं जोडून व्हिसासाठी अर्ज केला. उत्तर आलं, नाही. परत येण्याचा इरादा सिद्ध होत नाही म्हणे. "सहाशे दिरहम पाण्यात," ती म्हणाली. "आपले साडेतेरा हजार. पण ते जाऊ दे. वीस वर्षं इथे मान मोडून राहिले, आणि म्हणे परत येणार नाही!" त्याच आठवड्यात ओदिल चार दिवसांच्या सुट्टीत एक पिशवी घेऊन लिस्बनला जाऊन आली. कुठे काही अर्ज नाही, फोटो नाही. येताना हिल्डासाठी फातिमाहून माउलीची छोटी मूर्ती असलेली जपमाळ घेऊन आली. प्रेमानेच आणली होती. हिल्डाने ती आईला पाठवली नाही. ड्रॉवरमध्ये टाकली.

मत्सर माणसाला हिशेबी करतो, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं. ओदिल किती वाजता आली, कोणाशी हसली, कोणत्या गेस्टने तिच्या नावाने चांगलं लिहिलं, हिल्डाला सगळं ठाऊक असायचं. अँड्र्यू म्हणायचा, "तू तिच्याबद्दल जितकं बोलतेस तितकं माझ्याबद्दल बोलली नाहीस कधी."

मग २०२४ चा मे महिना आला.

ओदिलच्या देशात दंगल पेटली. राजधानी नुमेआमध्ये रस्त्यांवर अडथळे, जळलेल्या गाड्या, दुकानं रिकामी, विमानतळ बंद. तिची आई लिफूवर होती, तिथे शांत होतं. पण धाकटा भाऊ नुमेआत नर्स होता आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. स्टाफ कँटीनमध्ये ओदिल पुढ्यातला भात नुसता चिवडत बसलेली असायची.

"भांडण कशाचं आहे?" हिल्डाने विचारलं.

"मतदारयादीचं." ओदिलने काटा खाली ठेवला. "आमच्याकडे १९९८ साली करार झाला. स्थानिक निवडणुकीत मत कोणाला, हे त्यात ठरलं. त्यानंतर फ्रान्समधून येऊन राहिलेल्यांना नाही. आता पॅरिस म्हणतं, दहा वर्षं राहिला असेल तर द्या त्यालाही मत. आम्ही आधीच निम्म्याहून कमी झालोय, हिल्डा. अजून हजारो मतं आली की आमच्याच घरात आम्हाला कोण विचारणार?"

हिल्डाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. वसईत तिच्या डोळ्यांदेखत वाड्या गेल्या आणि टॉवर आले. तिच्या वॉर्डात आता उमेदवाराला गावातल्या आळीत यावंही लागत नाही. दोन कॉम्प्लेक्स फिरला की निवडून येतो. तिने ओदिलचा हात हातात घेतला. "आय नो," ती म्हणाली, आणि तिला खरंच कळलं होतं.

आणि तरीही त्याच दुपारी तिने ते केलं. हे मला सांगताना ती माझ्याकडे न बघता गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होती.

आदल्या वर्षी हॉटेलनेच स्टाफसाठी एक दिवस ठेवला होता, आपापल्या देशाचा पोशाख घालून या म्हणून. ओदिल त्यांच्याकडचा घोळदार फुलाफुलांचा झगा घालून आली होती, आणि खांद्यावर कनाकांचा झेंडा. निळा, लाल, हिरवा, मधे पिवळा गोल. तिचा फोन चार्जिंगला होता, म्हणून हिल्डाने आपल्या फोनवर फोटो काढला होता. तोच फोटो तिने आता एचआरला पाठवला. खाली एवढंच लिहिलं : "फॉर युअर इन्फर्मेशन. बातम्यांमध्ये हाच झेंडा दिसतोय. फ्रेंच गेस्ट विचारू शकतात."

एकही शब्द खोटा नव्हता.

हॉटेलांना राजकारणाचा वासही नको असतो. दोन दिवसांत ओदिलला डेस्कवरून काढून मागे रिझर्वेशनमध्ये बसवलं, चौकशी होईपर्यंत. हिल्डा अ‍ॅक्टिंग मॅनेजर झाली. नवा बॅज आला. अँड्र्यूने केक आणला, आम्हाला बोलावलं. मी गेले. हिल्डा लाल साडी नेसून हसत होती. "एक रात्र," ती मला नंतर म्हणाली, "शहनाझ, एकच रात्र मला गाढ झोप लागली."

दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये ओदिल तिची वाट बघत होती.

"एचआरने मला फोटो दाखवला," ती म्हणाली. "माझ्याकडे तो फोटोच नाही. तुझ्याकडे मागायचा राहून गेला होता."

हिल्डा उगाच लॉकरची किल्ली फिरवत राहिली.

"एवढंच विचारते. का?"

"तुझा पासपोर्ट," हिल्डा म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं तेव्हा लाज वाटली, पण आता थांबता येत नव्हतं. "काम माझं, वर्षं माझी, आणि पासपोर्ट तुझा. तू काय केलंस त्याच्यासाठी?"

ओदिल बाकावर बसली. ओरडली नाही. "मी काहीच नाही केलं. माझ्या आजोबांनी केलं. ते वीस वर्षांचे होईपर्यंत त्यांना बेटाबाहेर जायला पोलिसाची चिठ्ठी लागायची. हो, स्वतःच्या बेटावरून. रस्त्याच्या कामावर धरून न्यायचे, पैसे नाहीत, नाही गेलं तर तुरुंग. १९४६ ला म्हणाले, आजपासून तुम्ही फ्रेंच. कोणी विचारलं नाही, हवंय का. मग तुला पासपोर्ट दिसतो, मला तो आजोबांच्या चिठ्ठीसारखाच दिसतो."

"पण तुम्हाला विचारलं तरी. मी वाचलंय, तीन वेळा मतदान झालं. स्वातंत्र्य हवं का म्हणून."

"दोनदा आम्ही थोडक्यात हरलो. तिसऱ्यांदा कोविडने गावोगाव माणसं गेली होती. आमच्याकडे दुखवटा वर्षभर चालतो. तारीख पुढे न्या म्हटलं, नाही नेली. मग आम्ही मतदानाला गेलोच नाही, आणि ते म्हणाले, बघा, शंभरातल्या शहाण्णवांना फ्रान्स हवंय." तिने डोळे पुसले. "मी इथे पगारासाठी आले, हिल्डा. तू आलीस तशीच. विमानतळ उघडला की मी जाणार. आईजवळ. आमची जमीन आहे तिथे."

"विकली नाही कोणी?" हिल्डाच्या तोंडून आपोआप निघालं.

"विकता येत नाही. अख्ख्या घराण्याची असते. भावाला विकायची म्हटलं तरी नाही, सरकारला घ्यायची म्हटलं तरी नाही. कायदाच आहे."

हिल्डा मला म्हणाली, "शहनाझ, अडीच वर्षांत मला तिचा एवढा हेवा कधी वाटला नव्हता, पासपोर्टचासुद्धा नाही, जेवढा त्या मिनिटाला वाटला." कारण सात वर्षांपूर्वी तिच्या भावाने, बाप्टिस्टने, केळीची आणि पानवेलींची वाडी बिल्डरला दिली होती. हिल्डाची सही हवी होती. ती सही तिने इथेच, दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये लंच ब्रेकमध्ये जाऊन केली होती. कोणी तिला जबरदस्ती केली नव्हती. तिला कोणताही कायदा अडवायला आला नव्हता.

ती त्याच दिवशी एचआरकडे गेली. फोटो हॉटेलच्याच कार्यक्रमातला आहे, ओदिलने राजकारण काही केलेलं नाही, आणि मी तो जळफळाटातून पाठवला, असं तिने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, कागदावर काही लिहिलं नाही. ओदिलला परत डेस्कवर बोलावलं. पण तिने तोवर राजीनामा दिला होता. भावाचा फोन लागला होता, तो धड होता. जूनमध्ये विमानं सुरू झाली आणि ती सिडनीमार्गे गेली. निरोपाला हिल्डा विमानतळावर गेली नाही. जायला तोंड नव्हतं. मॅनेजरची जागा तिच्याकडेच राहिली, पुढे पक्कीही झाली. वर सरकायला तिला वीस वर्षं लागली होती, आणि जागा मिळाली ती अशी.

तीन महिन्यांनी तिने ओदिलला माफीचा लांबलचक मेसेज पाठवला. आठ दिवस उत्तर नाही. मग एक फोटो आला. काळी माती, त्यातून नुकता खणून काढलेला लांब कंद, आणि ओदिलचे मातीने भरलेले हात. खाली फक्त : "आईला मटण करून घातलं. तुझ्यासारखं झालं नाही."

तेव्हापासून त्या दोघी बोलतात. पहिल्यासारखं नाही, जपून. हिल्डाचा मत्सर गेला म्हणाल तर नाही. ती त्या फोटोंकडे बघत बसते आणि मला दाखवते. "बघ, हे घर. बघ, समुद्र कुठे आहे, दारात!" तिच्या आवाजात अजून ती जुनी धार येते.

गेल्या वर्षी जुलैत फ्रान्सने एक नवा करार पुढे केला. बातमी वाचून हिल्डा जिना उतरून थेट माझ्याकडे आली, चपला न घालता. "ऐकलंस? त्यांना आता कॅलेडोनियाचं वेगळं राष्ट्रीयत्व देणार आहेत. आणि फ्रेंच आहेच! एकीला दोन-दोन, शहनाझ! आणि मी बघ!"

मागून अँड्र्यू तिच्या चपला घेऊन येत होता, हसू दाबत.

पुढच्याच महिन्यात ओदिलचा मेसेज आला, आमच्या लोकांनी तो करार नाकारला. मागितलं होतं स्वातंत्र्य, म्हणाली, हे दुसरंच काहीतरी आहे.

हिल्डाने तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवला. "देतात ते घ्यायचं सोडून नाही म्हणाले," ती म्हणाली. मला वाटलं, आता चिडेल. पण ती खुर्चीत बसली आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"नाही म्हणाले, शहनाझ," ती पुन्हा म्हणाली. "मला कोणी विचारलं असतं ना, त्या कॉन्सुलेटमध्ये सही करताना, नक्की ना म्हणून, तर मी नाही म्हणाले असते का गं?"

मी तिच्यासाठी चहा टाकला.