पाठ ओळखणारी आते

आते माणसाची पारख त्याच्या पाठीवरून करी. तळीच्या काठावर मासे धरायला बसलेल्या पाहुण्यांची तोंडे पाण्याकडे असत आणि आते त्यांच्या मागे, जांभळीखालच्या काळ्या दगडावर बसलेली असे. तिला दिसत त्या केवळ पाठी, आणि तेवढ्या पुराव्यावर ती निकाल देऊन मोकळी होई. "ह्याका मासो गावाचो नाय, ह्याचा चित्त जेवणावर आसा," ती म्हणे. "त्या हिरव्या शर्टवाल्याक मात्र गावतलो. तो बायलेकडे भांडान इलो आसा, त्याका उठाची घाई नाय." मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तोंड काय, कोणीय धुवन येता. पाठ खोटा बोलणा नाय." डिचोलीच्या मामलेदार कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र मांडून लोकांचे अर्ज लिहून देताना मी आयुष्यभरात हजारो माणसे समोरून पाहिली आहेत. तरीही माझ्या अंदाजांपेक्षा तिचे निकाल अधिक खरे ठरत, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करतो.

आते म्हणजे कारापूरच्या दिनूची सख्खी आत्या. लग्न होऊन इब्रामपूरला गेली, पाचव्या वर्षी कुंकू पुसले गेले आणि ती भावाच्या घरी परत आली. तिचे खरे नाव घरातल्यांनाही आठवून सांगावे लागे. घराच्या मागे कुळागर, म्हणजे माडापोफळींची बाग, आणि बागेच्या वरच्या अंगाला तिला पाणी पुरवणारी वाडवडिलांची तळी. भाऊ गेल्यावर भाचा दिनू कर्ता झाला. त्याने तळीकाठी कौलारू चार खोल्या बांधल्या, जेवणासाठी मंडप घातला आणि दर्शनी बाजूस 'फॅमिली रिसॉर्ट' अशी पाटी लावली. पणजी-म्हापशाची कुटुंबे शनिवार-रविवारी येऊ लागली. मुले पाण्यात पाय सोडून बसत, बायका झोपाळ्यावर आणि पुरुष मासे धरायला. त्या रिसॉर्टच्या परवान्याचा अर्ज माझ्या हातचा. तो एका फेरीत मंजूर झाला. अशी उदाहरणे तालुक्यात फार नाहीत.

पाहुणे चकचकीत चाकांच्या परदेशी काठ्या घेऊन येत. आतेची काठी कुळागरातल्या बांबूची, दोरीला फेणीच्या बाटलीचे बूच आणि टोकाला गरी. आमिष म्हणून सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्या उंड्याच्या आतला मऊ पाव, चिमूटभर हळद घालून मळलेला. पाहुण्यांच्या पेटीतली रंगीत प्लास्टिकची किडे-पाखरे पाहून ती म्हणायची, "ह्या खेळण्यांका मासो भुलात कशाक? तो काय तुमचो ल्हान झील?" आणि तिच्या गरीला रोहू लागला की तेच पाहुणे पाव मागायला तिच्यासमोर ओळीने उभे राहत.

मी प्रथम तिथे गरी टाकून बसलो, तो रविवार मला चांगला आठवतो. अर्जाचे काम झाल्यावर दिनूने आग्रहाने काठी हातात दिली होती. तास गेला, बूच हलेना. मागून आवाज आला, "अरे अर्जनवीसा, तुझी गरी तुझ्या अर्जासारखीच. दोरी लांबलचक, आणि टोकाक काय नाय." पाहिले तर आमिष केव्हाच पाण्यात विरघळलेले. मी नवा पाव लावला, घसा साफ केला आणि या तळीच्या जलव्यवस्थेविषयी दोन शब्द बोलू लागलो. "गप ऱ्हव," ती म्हणाली. "तुझी पाठ उत्तराची वाट बघता, माशाची नाय." हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते.

तिचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. ज्याला जो पहिला मासा मिळेल, तो त्याने तळीत परत सोडायचा; दुसरा मासा त्याचा. एकदा एका लठ्ठ गृहस्थांना पहिल्याच खेपेस हातभर कटला मिळाला. त्यांनी तो छातीशी धरून छायाचित्र काढून घेतले आणि पिशवी मागवली. आते दगडावरून उठली.

"सोड त्याका."

"आजी, हा मी धरलाय!"

"धरलंस तू. पण वाढवल्यान तळयेन. पयलो मासो तळयेचो."

"आणि दुसरा नाही मिळाला तर?"

"तर समज, तळयेक तू आवडूक नाय. परत ये."

गृहस्थांनी बायकोकडे पाहिले. बायको म्हणाली, "सोडा हो, तुम्हाला साफ करता तरी येतो का?" मासा पाण्यात गेला. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ खरोखरच परत आले.

तळीत एक म्हातारी मरळ होती. काळी, मांडीएवढी, शेवाळाखालून सरकली तरी पाण्याचा रंग बदले. आतेने तिचे नाव ठेवले होते 'भाटकार', जमिनीचा मालक. भाटकार दोनदा तिच्या गरीला लागला आणि दोन्ही वेळा तिने त्याला हात लावून सोडला. मी गेलो की तिची पहिली बातमी ठरलेली, "भाटकार खुशाल आसा." घरच्या वडीलधाऱ्याची प्रकृती सांगावी तसे ती हे सांगे.

मग एका उन्हाळ्यात आते एकटीच बसने डिचोलीला आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. दिनूने तळी उपसायचे ठरवले होते. पाणी काढायचे, असतील ते मासे बाजारात पाठवायचे, गाळ काढून काठ सिमेंटने बांधायचे आणि लवकर वाढणारी नवी पिल्ले सोडायची. जांभळीखालचा दगडही जाणार होता. "दिनूक एक चिठी लिहून दी," ती म्हणाली. "तोंडान सांगूक गेलंय तर माका रडू येतला. आणि रडलंय तर तो आयकतलो, पण मनात म्हणतलो, भायर दिलेली बाई घरात मालकी गाजयता." एवढे बोलून तिने पदराने मान पुसली. तिच्या तोंडून स्वतःविषयी इतकी वाक्ये सलग मी तेव्हाच प्रथम ऐकली.

मी मन लावून लिहिले. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, वहिवाट, प्रार्थना अशी तीन पाने झाली. आतेने अंगठा उठवला आणि ती गेली. त्यानंतर माझ्या हातून जे घडले ते केवळ सवयीने घडले. पंचवीस वर्षे प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहीत आलो आहे. तसे त्याही चिठ्ठीखाली लिहिले आणि मूळ चिठ्ठी दिनूस, एक प्रत पंचायतीस व एक मामलेदारांस रवाना केली. भाच्याला लिहिलेल्या घरगुती चिठ्ठीच्या प्रती कचेरीत जात नसतात, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच आले नाही.

आठवड्याच्या आत पंचायतीचे सचिव आणि तलाठी टेप घेऊन रिसॉर्टवर हजर झाले. मंडपात पाहुणे जेवत असताना त्यांनी तळी मोजली, खोल्या मोजल्या, जांभळीचा घेरसुद्धा मोजला. दिनूची समजूत झाली की आत्याने घराविरुद्ध तक्रार गुदरली. त्या दिवसापासून तिचे ताट तो स्वतः आणून देई ते थांबले. ते स्वयंपाकीण आणू लागली.

आते पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा कचेरीचा व्हरांडा भरलेला होता. "अर्जनवीसा," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माका चिठी व्हयी होती. तू पंचनामो केलंस. तळी गेली तर गेली. माजो झील गेलो, तो खंय अर्ज करून आणू?" दिनूला ती झील, म्हणजे मुलगा, म्हणाल्याचे मी तत्पूर्वी कधी ऐकले नव्हते. मी टंकलेखन यंत्रावर फडके टाकले आणि तिच्याबरोबर निघालो.

दिनू तळीवरच होता. आतेने त्याला हाक मारून दगडावर बसवले, मला शेजारी उभे केले आणि स्वतः पाण्यात गरी टाकली. "बोल," ती मला म्हणाली. मी सुरुवात केली, "अर्जदार आपणांस सविनय..." बांबूचे मागचे टोक माझ्या नडगीवर बसले. "आखूड बोल."

"दिनू," मी म्हणालो, "प्रती मी पाठवल्या. आतेला ठाऊक नव्हते. तिला तळी हवी आहे, आणि तू हवा आहेस."

माझ्या हयातीतला तो सर्वांत लहान अर्ज. दिनू पाण्याकडे बघतच म्हणाला, "आते, माका तोंडान कित्याक सांगूक नाय?"

"तू आयकूक बसलंस खंय? कॉटेजी बांधल्यापासून तुजी पाठ माका दिसाक नाय."

तेवढ्यात बूच बुडाले. तिने काठी त्याच्या हातात कोंबली. लहानपणानंतर त्याने ती कधी धरली नसावी. दोनदा दोरी गुंतली, तरी शेवटी वीतभर रोहू काठावर आला. दिनूने गरी सोडवली, मासा तळहातावर धरला आणि कोणी काही न सांगता पाण्यात सोडून दिला. "पयलो तळयेचो," तो पुटपुटला. आते माझ्याकडे वळून म्हणाली, "आता चाय पी आणि घराक जा."

तळी उपसली गेली नाही. मध्ये मातीचा बांध घालून एका वर्षी एका अंगाचा गाळ काढला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या अंगाचा. पाणी आणि भाटकार बांधाच्या या बाजूचे त्या बाजूला झाले इतकेच. दोन्ही कचेऱ्यांना 'अर्ज निकाली काढावा' असे मी माझ्या खर्चाने कळवले. दिनूने नियमाची पाटी लावायचे ठरवल्यावर मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. मी अकरा ओळी लिहिल्या. आतेला अक्षर येत नव्हते, तिने कागदावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि म्हणाली, "इतक्या वाचीपर्यंत मासो मरात." तिने तोंडाने सांगितलेलेच मग पाटीवर गेले: पहिला मासा तळीचा.

त्यानंतर दोन वर्षांनी, दुपारचा चहा घेऊन दिनू दगडापाशी गेला, तेव्हा आते जांभळीला टेकून बसलेली होती आणि काठी मांडीवर होती. बूच पाण्यावर तरंगत होते. बाराव्या दिवशी मी कारापूरला गेलो. जेवणे झाल्यावर माणसे पांगली आणि मी तळीकडे वळलो. दगडावर बसण्याचे धैर्य झाले नाही. काठाशी बसलो, तिचीच काठी घेतली, उंड्याचा पाव लावला. दीड तास बूच हलले नाही आणि मी कोणाशी काही बोललो नाही.

मागे पावले वाजली. दिनू येऊन दगडावर बसला असावा. मी वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अर्जनवीसानू, आज तुमची पाठ बरी दिसता."